रंगरुटाची बाराखडी : फौजी बोली कानावर कशी बसवायची

आयुष्यातलं पहिलं फायर. लेटून पोझिशन घेतलेली, रायफल खांद्याला, डावा डोळा मिटलेला, छातीत धडधड. मागून उस्तादांचा आवाज आला, "शिस्त लो!" सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत 'शिस्त' हा शब्द मी रोज ऐकलेला. मी पडल्या जागी टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि नजर सरळ समोर, टारगेटच्याही वर, मागच्या डोंगरावर लावली. उस्ताद दोन क्षण काही बोललेच नाहीत. मग बुटाच्या टोकाने माझ्या टाचा परत फाकवल्या आणि म्हणाले, "शिस्त आँख से ली जाती है, एडी से नहीं."

फौजेत शिस्त म्हणजे नेम. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि सही ट्रिगर ऑपरेशन, ही फायरची त्रिसूत्री तुम्हाला पहिल्याच महिन्यात पाठ करावी लागेल. गंमत म्हणजे जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच होतं. पुढे शाळामास्तरांनी तो शब्द पळवला.

त्या दिवशीचे माझे सगळे राउंड कुठे गेले ते त्या डोंगरालाच ठाऊक. पण एक गोष्ट कळली. मराठी पोराला फौजेत अनोळखी शब्द फसवत नाही. अनोळखी शब्द आला की तो शेजारच्याला विचारतो. फसवतो तो ओळखीचा शब्द, ज्याचा अर्थ आपल्याला माहीत आहे अशी खात्री असते. म्हणून भरती होऊन आता सेंटरला निघालेल्या पोरांसाठी हे लिहितोय. अकॅडमीत सोळाशे मीटर धावायला शिकवतात, बीम मारायला शिकवतात, ही भाषा मात्र कोणी शिकवत नाही.

पहिली पायरी : ओळखीचे शब्द बाजूला काढा

निघण्याआधी घरी बसूनच हे करा. शिस्त झाली. आता 'वर्दी'. आपल्याकडे आगीची वर्दी मिळताच अग्निशमन दल निघतं. फौजेत वर्दी म्हणजे अंगावरचा युनिफॉर्म. "वर्दी में आओ" म्हटलं की कोणाला काही कळवायला धावू नका, कपडे बदला.

'मोर्चा' ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी, झेंडे आणि घोषणा येतात. फौजेत मोर्चा म्हणजे खड्डा. म्हणजे खणून, वाळूची पोती रचून तयार केलेली लढायची जागा. "मोर्चा खोदो" ऐकल्यावर आमच्या बॅचचा एकजण हसला होता. संध्याकाळी हातावरचे फोड मोजत बसला.

'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'पेशी' आपण विज्ञानात शिकलो ती नव्हे. साहेबांसमोर उभं केलं जाणं म्हणजे पेशी. कसूर झाली की टोपी-पट्टा काढून, लेफ्ट-राइट करत ऑफिसात नेतात, आरोप वाचला जातो, सजा सुनावली जाते. त्याची नोंद लाल शाईने झाली की ती 'रेड इंक एंट्री', आणि ती कागदावर पुढे अनेक वर्षं सोबत करते. हा शब्द ऐकून माहीत असावा, अनुभवून माहीत नसावा.

'नायक' सिनेमातला नव्हे, दोन फितींचा. 'सुभेदार' हे कोणाचं आडनावही असेल, पण इथे तो फार वरचा माणूस आहे. आणि 'रगडा'. चौपाटीवर पॅटिसबरोबर मिळतो तो विसरा. रगडा लागला म्हणजे सगळ्या स्क्वॉडची घसटपट्टी निघाली: फ्रंट रोल, पुशअप, कोपरावर रांगणं, पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाला चकरा. एकाने चूक करायची आणि तीसजणांनी फेडायची, ही त्यातली मेख. पहिल्या आठवड्यात त्या एकाचा राग येतो. दुसऱ्या आठवड्यात तो एक आपण स्वतः असतो.

सगळ्यात गोड फसवणूक 'जैसे थे'ची. वर्तमानपत्रात कोर्टाने 'जैसे थे'चा आदेश दिला की सगळं जिथल्या तिथे थांबतं. परेड मैदानावर मात्र 'जैसे थे' म्हणजे आत्ता जे केलंत ते रद्द, आधीच्या स्थितीत परत जा. समजा, 'दाहिने मुड' म्हटलं आणि दोघंतिघं चुकले. उस्ताद ओरडले, "जैसे थे!" अशा वेळी मराठी पोरगं आहे तिथे पुतळा होऊन थांबतं आणि बाकीचे परत फिरलेले असतात. मग सगळ्या मैदानाला कळतं की हा कुठल्या गावचा.

दुसरी पायरी : हुकमाचे दोन तुकडे ऐका

'सावधान-विश्राम' शाळेत झालेलं असतं, त्यामुळे पोरांना वाटतं परेड सोपी. शब्द सोपेच आहेत. अवघड आहे ते कधी हलायचं.

प्रत्येक हुकमाचे दोन भाग असतात. पहिला ताणून म्हणतात, त्यात फक्त सूचना असते. दुसरा तुटक, चाबकासारखा येतो, आणि तोच अंमल. "दाहिनेऽऽऽ" यावर शरीर हलवायचं नाही, फक्त डोक्यात दिशा पक्की करायची. "मुड!" यावर फिरायचं. चांगले ड्रिल उस्ताद मुद्दाम पहिला भाग लांबवतात आणि मध्ये श्वास घेतात. त्या श्वासात निम्मी ओळ फसते. माझा उपाय असा होता: पहिल्या भागाला जीभ टाळूला लावून धरायची, दुसऱ्याला सोडायची. कोणी शिकवला नव्हता, पण चालला.

'थम' म्हणजे थांब. 'तेज चल' म्हणजे नेहमीच्या चालीने चालू लाग, त्यात पळण्याचा संबंध नाही. पळायला 'दौड के चल'. 'कदम ताल' म्हणजे जागच्या जागी पाय आपटणं. 'लाइन तोड' आणि 'विसर्जन' यांत फरक आहे. लाइन तोड म्हणजे थोडी सुटका, पाणी प्या, पण लगेच पुन्हा उभं राहायचं आहे, लांब जाऊ नका. विसर्जन झालं की परेड संपली. गणपतीसारखंच, पण इथे पुढच्या वर्षी लवकर या म्हणावं लागत नाही, उद्या पहाटे पाचलाच बोलावणं असतं.

आणि 'फालिन'. इंग्रजी 'फॉल इन'चा हा फौजी अवतार, म्हणजे रांगेत उभे राहा. दिवसातून दहा-पंधरा वेळा ऐकाल. जेवणाआधी फालिन, कामाआधी फालिन, झोपण्याआधी हजेरीला फालिन. त्या रात्रीच्या हजेरीला 'रोल कॉल' म्हणतात. उद्या काय आहे, कोणाची ड्यूटी कुठे, कोणाचं पत्र आलंय, कोणाचा बूट चमकला नाही, सगळं तिथेच कळतं. दिवसातली एकच गोष्ट लक्ष देऊन ऐकायची ताकद उरली असेल तर ती रोल कॉलसाठी राखून ठेवा.

थोडं थांबून : हे शब्द आले कुठून

ही पायरी नाही, वाटेतला पार आहे. घाई असेल त्याने पुढे जावं.

मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण, 'जंगी पलटण', १७६८ सालची. तेव्हापासून साहेब इंग्रज आणि शिपाई दहा भाषांचे. मधली भाषा झाली हिंदुस्थानी. साहेब तिची रोमन अक्षरं गिरवत शिकले आणि शिपायांनी इंग्रजी कानाने गिळली. 'रिक्रूट'चा रंगरूट झाला. रात्री पहाऱ्यावरच्या संतरीने अंधारात 'हू कम्स देअर', म्हणजे कोण येतंय तिथे, असं इंग्रजीत दरडावायचं, त्याचं झालं 'हुकमदार'. आजही "थम! हुकमदार?" ऐकलं की जिथे आहात तिथे थांबायचं असतं. 'फायर'ची मराठीत फैर झाली, आणि मानवंदनेच्या २१ फैरी आपण आजही बातम्यांत वाचतो. 'पलटण' तर इतकी आपली झाली की आजी नातवंडांनाही 'ही पलटण आवरा' म्हणते.

उलटाही व्यवहार झाला. आपला विलायती गोऱ्या सोजिराच्या तोंडी 'ब्लायटी' झाला, म्हणजे त्याचं घर, इंग्लंड. आणि आपल्या नाशिकजवळची देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, उन्हाळा, ताप. काहीजण भ्रमिष्टासारखे वागू लागले. त्यावरून त्यांच्या बोलीत 'डूलाली टॅप' आलं, त्यातला टॅप म्हणजे ताप. आजही इंग्लंडमध्ये डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात. तोफखान्याच्या पोरांची पोस्टिंग देवळालीला झाली की आम्ही त्यांना हे मुद्दाम सांगायचो.

तिसरी पायरी : कोणाला काय म्हणायचं

इथे चूक झाली तर हसण्यावारी जात नाही, म्हणून जरा सावकाश.

शिकवणारा तो 'उस्ताद', मग तो लान्स नायक असो की हवालदार. वयाने तुमच्याहून चार वर्षांनीच मोठा असेल, तुमच्याच तालुक्यातला असेल, तरी उस्तादच. 'दादा', 'भाऊ', 'अहो पाटील' असलं काही तोंडातून निघता कामा नये. फिती बाहीवर असतात: एक लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. बढती मिळाली की म्हणतात 'पट्टी लगी'.

त्याच्या वर येतात 'साब'. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, या तिघांना मिळून कागदावर जेसीओ म्हणतात, तोंडाने साब. आडनाव जोडायचं: 'शिंदे साब', 'यादव साब'. गावाकडचे म्हातारे अजून 'जमादार' म्हणतात. नायब सुभेदाराचं १९६५ पर्यंतचं नाव तेच होतं. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर जमादार दिसलं तर कमी समजू नका.

त्यांच्याही वर अफसर. त्यांना 'सर' किंवा 'साहब'. आता गोंधळ असा की तारे दोघांच्याही खांद्यावर असतात. सुभेदाराला दोन तारे आणि लेफ्टनंटलाही दोनच. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि मेजरच्याही. मग ओळखायचं कसं? जेसीओंच्या खांद्यावर ताऱ्याजवळ लाल-पिवळी आडवी फीत असते, अफसरांच्या नसते. आधी फीत बघा, मग तारे मोजा. मी उलट करायचो. एका कोवळ्या लेफ्टनंट साहेबांना 'राम राम साब' ठोकला होता. त्यांनी हसून घेतलं. मागे उभ्या असलेल्या आमच्या सीएचएमनी नाही घेतलं.

सीएचएम म्हणजे कंपनी हवालदार मेजर. रँक हवालदाराची, पण रंगरुटाच्या जगात देवाच्या खालोखाल हाच. ड्यूटीची यादी, म्हणजे 'डिटेल', तो लावतो. 'डिटेल में नाम आया' हे वाक्य तुम्ही स्वप्नातही ऐकाल. बटालियनचा प्रमुख तो 'सीओ साहब', त्यांच्या पाठचा 'टूआयसी'. त्यांच्याशी तुमचं काम सहसा पडू नये. पडलं तर ते पेशीचंच असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. शिपायाला सगळीकडे शिपाई म्हणत नाहीत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये तो 'सॅपर', नाशिकच्या तोफखान्यात 'गनर', रणगाड्यांत 'सवार', सिग्नल्समध्ये 'सिग्नलमन', गार्ड्समध्ये 'गार्ड्समन', ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांत, 'क्राफ्ट्समन'. रणगाडेवाल्यांकडे हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, आणि ते त्याबद्दल फार हळवे असतात. त्यांच्या दफेदाराला हवालदार म्हटलं तर तो दुरुस्त करणारच. घोडे गेले, रणगाडे आले, नावं घोडदळाचीच राहिली.

बरोबरीच्यांसाठी दोन शब्द. एक 'बडी', म्हणजे तुमचा जोडीदार. फायरला, पहाऱ्याला, धावताना, सगळीकडे जोडीनेच जायचं. त्याची बाटली भरली का हे तुम्ही बघायचं, तुमचा पट्टा पिळलाय का हे त्याने. दुसरा शब्द मला फार आवडतो: 'गिराईं'. पंजाबी पोरांचा शब्द, एकाच गावचा माणूस या अर्थी, पण सगळ्या फौजेत फिरतो. राजस्थानातल्या एका स्टेशनवर अनोळखी हवालदाराने मला विचारलं होतं, "गिराईं कहाँ का है तू?" मी सातारा म्हणालो. तो कराडचा निघाला. पुढचे दोन तास त्याने मला हलू दिलं नाही, दोन वेळा चहा पाजला आणि उसाच्या दराची चौकशी केली. मराठा पलटणीच्या जवानाला बाहेरचे लोक 'गणपत' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, रागावू नका.

चौथी पायरी : दिवस शब्दांत वाटून घ्या

नवे शब्द यादी करून पाठ होत नाहीत. दिवस जसा उलगडतो तसे ते लावून घ्या.

उठल्या उठल्या हात लागेल तो 'काला बक्सा'. काळ्या रंगाची लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. तुमचं सगळं घर त्यात. आतल्या सामानाला 'किट' म्हणतात आणि ते ठरल्या क्रमाने मांडून दाखवणं म्हणजे 'किट लेआउट'. त्यात 'हाउसवाइफ' मागितली तर लाजू नका, चिडूही नका. ती सुई, दोरा आणि बटणांची छोटी पिशवी असते. आमच्या वेळी "हाउसवाइफ दिखाओ" म्हटल्यावर एकाने "उस्ताद, शादी नहीं हुई" असं उत्तर दिलं होतं. सगळी बराक हसली आणि त्या हसण्याबद्दल सगळ्या बराकीला रगडा लागला.

'पिठ्ठू' म्हणजे पाठीवरची पिशवी. 'डीएमएस' हे बूट. 'ब्रासो' पितळ चमकवायला. नाव कंपनीचं, पण आता क्रियापदासारखं वापरतात, 'ब्रासो मारला का?'

पीटी आणि परेड झाली की 'लंगर'. जवानांचं स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, दोन्ही लंगरच. तिथला प्रमुख 'लंगर कमांडर'. हे पद कागदावर किती मोठं ते सोडा, त्याच्याशी गोड बोला. भाकरी मिळेल ही आशा पहिल्या दिवशीच सोडा; सगळीकडे रोटी, पुरी आणि डाळ. आपल्या भाषेत 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' म्हणजे फुकटचा उपद्व्याप, आणि लंगरच्या मदतीला ड्यूटी लागली की त्या वाक्प्रचाराचा उगम पीठ लागलेल्या हातांनी कळतो. सणासुदीला किंवा पलटणीच्या वाढदिवसाला 'बडा खाना' असतो. त्या दिवशी साहेब, साब आणि जवान एकत्र जेवतात. पोटभर खा, पण शेजारी कोण बसलंय ते बघून बोला. गस्तीवर किंवा लांबच्या चालीला खिशात 'शक्करपारे' देतात, आपल्या दिवाळीच्या शंकरपाळ्यांचे दणकट भाऊ. दाताला जपा.

दुपारनंतर 'फटीक'. इंग्रजीत तो शब्द थकव्याचा, इथे कामाचा. गवत काढणं, खोल्या झाडणं, रस्त्याकडेच्या दगडांना गेरू-चुना लावणं. एक सकाळभर मी एका झाडाच्या बुंध्याला चुना लावला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या उस्तादांनी तो खरवडून गेरू लावायला सांगितला. कारण विचारलं नाही. फटीकमध्ये कारण नसतं, फक्त वेळ संपवायची असते, आणि ही गोष्ट ज्याला लवकर उमगते त्याचं प्रशिक्षण निम्मं सुखाचं होतं.

'कोत' म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. कोतमधून रायफल घेताना नंबर मोठ्याने बोलून, सही करून घ्यायची, आणि परत देतानाही तेच. हत्यार हातात आलं की पहिली गोष्ट 'जाँच शस्त्र', खाली आहे की भरलेलं. इथे थट्टा-मस्करी नाही. बंदूक हा शब्दही फारसा ऐकू येणार नाही. हत्यार किंवा त्याचं नाव.

आजारी पडलात तर 'सिक रिपोर्ट' करून 'एमआय रूम'ला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जायचं. डॉक्टरने चिठ्ठीवर 'एम अँड डी' लिहिलं तर आनंद मानू नका: औषध घ्या आणि ड्यूटीवर जा. 'अटेंड सी' लिहिलं तर पीटी-परेडमधून सूट आणि हलकं काम. जास्त असेल तर 'एमएच', मिलिटरी हॉस्पिटल. दुखणं लपवून धावणारे शूर असतात असा पोरांचा समज असतो. नडगीचं हाड तडकल्यावर तो समज उतरतो, पण तोवर बॅच पुढे गेलेली असते आणि तुम्ही मागच्या बॅचमध्ये 'रेलिगेट' झालेले असता. तो शब्द फार कडू आहे. दुखलं की सांगा.

पाचवी पायरी : सुट्टीची अक्षरं

फौज अर्धी अक्षरांवर चालते. सगळी लिहीत बसलो तर पाटी पुरणार नाही, म्हणून घराशी संबंध असलेली तेवढी सांगतो.

नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची 'एएल', म्हणजे वार्षिक रजा, आणि ३० दिवसांची 'सीएल', म्हणजे किरकोळ रजा. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. चार वर्षांची नोकरी, त्यातले फार तर २५ टक्के पुढे कायम, हे तुम्हाला माहीत आहेच. 'छुट्टी काटना' म्हणजे सुट्टी घालवणं. "छुट्टी काट के आया" ऐकून कोणाची सुट्टी कापली गेली असं समजून हळहळू नका, तो मजा करून आलाय. काही तासांसाठी बाहेर जायचं तर 'आउट पास'. सुट्टीहून एक दिवसही उशिरा आलात तर 'ओएसएल', आणि ती पेशीची सरळ वाट. गाडी चुकली, पूर आला, आई आजारी पडली, काहीही झालं तरी आधी युनिटला फोन करा. नंतर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी बहाण्यासारखंच ऐकू येतं.

सरकारी खर्चाने रेल्वेप्रवास असेल तर 'वारंट' मिळतं. पोलिसांच्या वॉरंटशी त्याचा संबंध नाही, हे गावात आधीच सांगून ठेवा. मोठ्या स्टेशनांवर 'एमसीओ' असं ऑफिस असतं, गाडीची अडचण झाली की तिथे जायचं. शांत ठाण्याची पोस्टिंग ती 'पीस', सीमेकडची ती 'फील्ड'. पत्त्यात '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' येतं. ते गाव नाही, फौजी टपालाचा पत्ता आहे; नकाशात शोधणाऱ्या काकांना समजावून सांगा. तुम्ही नेमके कुठे आहात हे त्यावरून कळू नये हाच त्याचा उपयोग, तेव्हा फोनवर आणि फोटोंत ते तुम्ही स्वतःच सांगून बसू नका.

सहावी पायरी : बोलायला कधी लागायचं

समजायला पहिल्या दिवसापासून, बोलायला उशिरा. दोन आठवड्यांचं रंगरूट जुन्या फौजीसारखं "अरे यार, फटीक लगा दी" म्हणू लागलं की जुन्यांना ते खुपतं. 'कसम परेड' होईपर्यंत, म्हणजे तिरंगा आणि निशाणासमोर शपथ घेऊन जवान होईपर्यंत, साधं हिंदी बोला, पूर्ण वाक्यात बोला आणि शेवटी 'उस्ताद' किंवा 'साब' लावा. पुरेसं आहे. 'जी उस्ताद', 'नहीं उस्ताद', 'समझ नहीं आया उस्ताद'. या तिसऱ्या वाक्याला पोरं घाबरतात. त्याने फार तर दहा पुशअप मिळतात. न समजता केलेल्या कामाने किती मिळतात ते वर आलंच आहे.

खिशात छोटी वही ठेवा. रोज रात्री पाच शब्द, ऐकले तसे, देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंगच्या नादी लागू नका; 'फालिन' फालिनच लिहा, कारण उद्या ते तसंच ऐकू येणार आहे.

जाती, प्रांत, भाषा यांवरून चिडवायचे शब्दही कानावर पडतील, आणि शिव्या तर पडतीलच. ते वहीत उतरवू नका. ज्याच्यावर तो शब्द टाकाल तोच उद्या फायरला तुमच्या उजव्या हाताला पडलेला असतो.

नौदलात किंवा हवाई दलात गेलात तर यातलं निम्मं चालणार नाही. नौदलात स्वयंपाकघर 'गॅली', किनाऱ्यावर फिरायला जायची परवानगी 'लिबर्टी'; जमिनीवरच्या तळालाही ते जहाजासारखंच नाव देतात, म्हणून लोणावळ्याच्या डोंगरात 'आयएनएस शिवाजी' आहे आणि समुद्र कित्येक मैल लांब. हवाई दलात राहायची बराक म्हणजे 'बिलेट'. तिथल्या पोरांनी तिथल्या जाणत्याला गाठावं.

साताऱ्याजवळच्या 'अपशिंगे मिलिटरी'सारख्या गावांतल्या पोरांना यातलं बरंचसं घरीच कळतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी सुट्टीवर येऊन ओसरीवर बसलेलं असतं. आमच्या घरात मी पहिलाच. पहिल्या सुट्टीला गेलो तेव्हा सवयीने पहाटे साडेचारला उठलो, अंथरुणाची चौकोनी घडी घातली, दात घासले आणि अंधारात चाचपडत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "लंगर खुला क्या?"

आईने चुलीपुढून मान वळवून बघितलं. म्हणाली, "भंडारा शनिवारी, देवळात. इथं आधी दोन घागरी पाणी आण."

निघालो. फटीक घरीही होती.